दाढ काढल्यावर हाड भरून घ्यायचं का?

वाचकांची पत्रं, दातांच्या डॉक्टरची उत्तरं

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. मी डिचोलीला राहते, वय ५६, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. खालच्या डाव्या बाजूच्या मोठ्या दाढेचं काही वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून कॅप बसवली होती. हल्ली तिथल्या हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मुळाला उभी चीर गेली आहे, दाढ काढावीच लागेल. ते पटलं. पण त्याच वेळी खड्ड्यात बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडासारखी पूड, भरून घ्या, नाहीतर हाड खचेल आणि पुढे इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवायचा कृत्रिम दात, होणार नाही, असंही ते म्हणाले. ग्राफ्टचे बारा हजार, इम्प्लांटचे वेगळे. मला मधुमेह आहे, मागच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४ आलं. भाची म्हणते की ते हाड गायीचं असतं. घरात देवकार्यं चालतात, सासूबाईंना काय सांगू? यजमान म्हणतात, आमच्या आईबापांचे दात काढले तेव्हा कुणी हाड भरलं होतं? गणेश चवथीला दीड महिना आहे, ती आटोपली की दाढ काढायची असं ठरवलंय. हाड भरून घेऊ की नको?

उत्तर : ताई, आधी चवथीचं बोलते, कारण तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी लागली ती त्या दीड महिन्याची. मुळाला उभी चीर गेली की तिच्यातून जंतू थेट हाडाशी भिडतात आणि चिरेलगतचं हाड भराभर विरघळू लागतं. बहुतेक वेळा गालाच्या बाजूची हाडाची भिंत जाते. हिरडीवरची पुळी ही आतल्या पुवाची बाहेर पडायची वाट आहे. ती फुटते म्हणून ठणका लागत नाही, आणि ठणका नाही म्हणून माणूस दिवस ढकलतो. या काळात जे हाड जाईल ते पुढे कितीही पैसे मोजून जसंच्या तसं मिळत नाही. दाढ या पंधरवड्यात काढून घ्या. गणपतीची माटोळी बांधायची वेळ येईपर्यंत हिरडी मिटलेली असेल, आणि साखर सांभाळून एखादी नेवरीही खाता येईल.

आता ग्राफ्टचं. फोंड्यात हिरड्यांचे आजार बघण्यात माझं आयुष्य गेलं. मी कित्येकांना ग्राफ्ट भरला आहे आणि कित्येकांना 'तुम्हाला गरज नाही' म्हणून तसंच घरी पाठवलं आहे. या दोघांमधला फरक ठरवणारा प्रश्न फार साधा आहे, पण बहुतेक रुग्णांना तो कुणी विचारतच नाही : त्या जागी पुढे काय बसवायचं? इम्प्लांट, दोन्हीकडच्या दातांवर आधारलेला ब्रिज, काढ-घाल करायचा दात, की काहीच नाही? याचं उत्तर ठरल्याशिवाय ग्राफ्टला हो किंवा नाही म्हणण्यात अर्थ नाही.

तुमच्या यजमानांचं म्हणणं एका बाबतीत अगदी बरोबर आहे. जखम भरून यायला ग्राफ्ट लागत नाही. दाढ निघाली की खड्ड्यात रक्त साकळतं, त्या गाठीतच शरीर कामाला लागतं. दीड-दोन महिन्यांत आत कच्चं हाड तयार होतं, तीन-चार महिन्यांत खड्डा बऱ्यापैकी भरतो. मागच्या पिढीचे खड्डे असेच भरले. पण त्यांना कवळी बसवायची होती, इम्प्लांट नव्हे. आणि वर्षानुवर्षं कवळी वापरून खालचा जबडा इतका झिजलेले आजी-आजोबा मी पाहते, की त्यांना धड कवळीही टिकत नाही. तेव्हा पूर्वी काही बिघडत नव्हतं, असंही नाही.

खड्डा आतून भरत असताना जबड्याचा काठ बाहेरून आक्रसत असतो, ही खरी अडचण. दात ज्या तंतूंनी हाडाला बांधलेला असतो, ते तंतू रुतलेला हाडाचा थर दातासाठीच असतो. दात गेला की शरीर तो थर ठेवत नाही. गालाकडची आणि ओठाकडची भिंत पातळ, तिच्यात मुख्यतः हाच थर, म्हणून आधी ती बसते. दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांच्या एका प्रसिद्ध अभ्यासात काठाची रुंदी वर्षभरात सरासरी १२ मिलिमीटरवरून सहाच्या आसपास आली, म्हणजे निम्मी झाली. त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतलीच होती. उंची कमी घटते, रुंदी जास्त.

ग्राफ्ट ही घट कमी करतो, थांबवत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापा, असं मी संपादकांना सांगणार होते. 'ग्राफ्ट भरला म्हणजे हाड शाबूत' या समजुतीवर लोक पैसे भरतात आणि सहा महिन्यांनी 'थोडं अजून हाड घालावं लागेल' असं ऐकून हबकतात. जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये या विषयाचा आढावा घेतला. नुसती दाढ काढलेल्या जागेपेक्षा जनावराच्या हाडापासून केलेला ग्राफ्ट भरलेल्या जागी रुंदी सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि उंचीही साधारण तितकीच जास्त टिकलेली दिसली. पण हा पुरावा अगदी कच्चा आहे, असं त्यांनीच स्पष्ट लिहिलं. आणि ग्राफ्ट भरल्यामुळे पुढे पुन्हा हाड घालायची वेळ कमी येते का, इम्प्लांट जास्त टिकतो का, हे त्या चाचण्यांवरून ठरवता आलं नाही.

सव्वा मिलिमीटर म्हणजे थोडं की फार? ते जागेवर आहे. मोठ्या दाढेच्या जागी मुळात काठ रुंद असतो. तिथे साडेचार-पाच मिलिमीटर जाडीचा इम्प्लांट बसतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना दीडेक मिलिमीटर हाड असावं लागतं. म्हणजे साडेसात-आठ मिलिमीटर मिळाले की काम भागतं. खड्ड्याच्या चारही भिंती धड असतील आणि तीन-चार महिन्यांत इम्प्लांट बसवायचा असेल, तर खालच्या मोठ्या दाढेसाठी ग्राफ्ट न भरताही पुष्कळांना पुरेसं हाड मिळतं. 'ग्राफ्ट नाही तर इम्प्लांटच नाही' हे विधान सरसकट खरं नाही.

तुमच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी आड येतात. पहिली, ती चीर. गालाकडची भिंत शाबूत आहे की गेली, हे दाढ बाहेर आल्यावर खड्डा खरवडून साफ करताना डॉक्टरांच्या हाताला कळतं. त्याआधी थ्रीडी स्कॅनवर अंदाज येतो, पण कॅप आणि रूट कॅनालच्या भरणामुळे त्या चित्रात छाया पडतात. भिंत गेली असेल तर ग्राफ्टची गरज वाढते, आणि नुसती पूड भरून भागत नाही, तिच्यावर पडदा घालून टाके घ्यावे लागतात. दुसरी गोष्ट साखर. ८.४ हा आकडा दाढ काढण्याच्या आड येत नाही, पू असलेली दाढ तोंडात ठेवणंच साखरेला वाईट. पण बाहेरून घातलेलं हाड रुजायला साखर आटोक्यात लागते. मी माझ्या रुग्णांना आठच्या खाली या, जमल्यास सातच्या जवळ, असं सांगते.

म्हणून, तुम्ही माझ्यासमोर बसला असता तर मी असं केलं असतं. दाढ आत्ता काढायची, हाडाची भिंत न मोडता, गरज पडल्यास मुळं वेगवेगळी कापून. खड्डा नीट साफ करायचा. भिंती धड निघाल्या तर काही न भरता सोडायचा. भिंत गेलेली दिसली तरी पू आणि साखर दोन्ही असताना त्याच दिवशी ग्राफ्ट भरायचा आग्रह मी धरला नसता. दोन महिने जाऊ द्यायचे, हिरडी मिटू द्यायची, तेवढ्यात साखर खाली आणायची, मग स्कॅन काढून इम्प्लांटच्या वेळीच लागेल तेवढं हाड घालायचं. यात तोटा आहे, तोही सांगते : नंतर घालावं लागणारं हाड जास्त असू शकतं आणि ती शस्त्रक्रिया थोडी मोठी होते. जागा साफ करून त्याच दिवशी ग्राफ्ट भरणारे चांगले डॉक्टरही आहेत आणि ते चुकतात असं मी म्हणणार नाही. तुमचे डॉक्टर तोंडात पाहताहेत, मी फक्त पत्र वाचते आहे. पण हा दुसरा रस्ता उपलब्ध आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आणि इम्प्लांट करायचाच नाही असं ठरलं, ब्रिज करायचा ठरला, तर मागच्या दाढेसाठी ग्राफ्टवर पैसे घालू नका. ब्रिजसाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात. ते आधीच कॅपचे असतील तर फारसं बिघडत नाही, अगदी निरोगी असतील तर ते घासायला मला जीव होत नाही.

गायीच्या हाडाचं तुमच्या भाचीने सांगितलं ते खरं आहे, पण अर्धं. बायो-ऑससारखे जगभर वापरले जाणारे ग्राफ्ट गोवंशाच्या हाडापासून केलेले असतात. त्यातला सगळा सेंद्रिय भाग काढून टाकलेला असतो, फक्त खनिजाचा सांगाडा उरतो. वर घालायचा पडदा बरेचदा डुकराच्या किंवा गोवंशाच्या कोलाजेनचा असतो. हे ग्राफ्टच्या बिलावर लिहिलेलं नसतं आणि रुग्णाला न सांगता वापरलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या गोव्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, शिवराक (शाकाहारी) जेवणारे, सगळेच दवाखान्यात येतात. ज्याच्या तोंडात घालायचं त्याला ते कशाचं आहे हे आधी सांगायलाच हवं. पर्याय आहेत. हायड्रॉक्सिॲपटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह ग्लास हे कारखान्यात तयार होणारे ग्राफ्ट, यांत जनावराचा अंश नसतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी हाडापासून, प्रक्रिया आणि विकिरण करून बनवलेली पूड मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक पुरवते. पडदा माशाच्या कोलाजेनचाही मिळतो, आणि नुस्तं (मासळी) तर आपल्या घरात शिजतंच. तुमचंच थोडं रक्त यंत्रात फिरवून त्यातून जो जाडसर पापुद्रा निघतो, तोही पडद्यासारखा वापरता येतो. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, 'आम्हाला गोवंशाचं आणि डुकराचं चालणार नाही.' यात संकोच कसला? वेष्टन आणि त्यावरची चिठ्ठी मागून घ्या. सासूबाईंना सांगण्यासारखं काही उरणारच नाही.

डॉक्टरांशी बोलताना हेही विचारा की बारा हजारांत पडदा धरला आहे का, ग्राफ्ट रुजला नाही तर पुढचा खर्च कुणाचा, आणि भिंत शाबूत निघाली तरी ग्राफ्ट भरणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून पुष्कळ कळतं. हे सगळं दाढ काढायच्या आधीच्या भेटीत, तोंड बधिर व्हायच्या आधी बोला. मन साशंक राहिलं तर एक्स-रे घेऊन बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात दाखवा. १९८० पासून चालणारं हे सरकारी रुग्णालय गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) शेजारीच आहे. तिथे शस्त्रक्रिया, हिरड्या आणि कृत्रिम दात अशा तिन्ही विभागांचं मत मिळतं. दाढेच्या बाबतीत आठवडाभराने काही अडत नाही, दीड महिन्याने अडतं.

काढायच्या दिवशी उपाशी जाऊ नका. नाश्ता करून, मधुमेहाची गोळी घेऊन, सकाळची वेळ घ्या. नंतर अर्धा-पाऊण तास कापूस दाबून धरायचा, पहिला दिवस चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, नळीने काही ओढायचं नाही. कोमट पेज चालेल. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हलकी गुळणी. ग्राफ्ट भरलाच तर पहिल्या काही दिवसांत रेतीसारखे चार कण तोंडात येतात, घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला आणि कानापर्यंत गेला, तर रक्ताची गाठ निघून खड्डा कोरडा पडला असेल. त्याच दिवशी जा. आणि घरात कुणी हे वाचून दाढ काढायला निघालं असेल आणि मशेरी किंवा विडी चालू असेल, तर ती थांबवल्याशिवाय ग्राफ्टचा विचारही नको.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा, मडगावला शिकतो. फुटबॉल खेळताना कोपर लागून वरचा समोरचा दात तुटला. मूळ हिरडीच्या थोडं आत तुटलं आहे म्हणे. एका ठिकाणी सांगितलं की दात काढून, हाड भरून, लगेच इम्प्लांट करून टाकू. करावं का?

उत्तर : इम्प्लांट आत्ता मुळीच नको. मुलाचा जबडा अजून वाढतो आहे. शेजारचे दात हाडासकट खाली सरकत राहतात, इम्प्लांट जागच्या जागी राहतो, आणि विशी ओलांडेपर्यंत तो दात आखूड, आत गेलेला दिसू लागतो.

समोरच्या दाताची गोष्ट दाढेहून वेगळी आहे. ओठाकडची हाडाची भिंत तिथे बहुतेकांना एक मिलिमीटरहूनही पातळ असते. दात काढला की ती बसते आणि हिरडीला खोलगट खळगा पडतो, तो हसताना दिसतो. ग्राफ्टची बाजू सर्वांत भक्कम कुठे असेल तर इथे. पण तुमच्या मुलाच्या बाबतीत इम्प्लांटला अजून काही वर्षं आहेत आणि हाड टिकवायला स्वतःच्या मुळाइतकं चांगलं दुसरं काही नाही. म्हणून मूळ उपटायची घाई करू नका. ते पुरेसं लांब असेल तर रूट कॅनाल करून, तारेने हळूहळू खाली ओढून त्यावर कॅप बसवता येते का, हे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. ते जमणारं नसेल तर निरोगी मूळ हिरडीखाली तसंच ठेवून, शेजारच्या दातांना मागून चिकटवायचा हलका ब्रिज करता येतो का, ते पाहा. त्यासाठी दात जवळजवळ घासावे लागत नाहीत आणि मुलगा दोन-तीन दिवसांत पूर्ण दातांनी शाळेत जाऊ शकतो.

या दोन्ही वाटा बंद झाल्या आणि दात काढावाच लागला, तर मात्र ग्राफ्टला हो म्हणा, बिनदिक्कत. पुढे इम्प्लांटच्या वेळी थोडं हाड पुन्हा घालावं लागेल हे धरून चाला. आणि मैदानावर जाताना मापाचा माउथगार्ड करून द्या. सासष्टीतल्या फुटबॉलच्या मैदानांवरून तुटलेले दात घेऊन येणारी मुलं पाहिली की मला दर वेळी वाटतं, बूट घेतात तसा हाही घ्यायला हवा.

प्रश्न : पेडण्याहून लिहिते. आई ७२ वर्षांची, हाडं ठिसूळ झाल्यामुळे आठवड्याची एक गोळी बरीच वर्षं चालू आहे. खालचे पुढचे दोन दात हलतात, ते काढून कवळी करायची आहे. 'तिची हाडं कमजोर आहेत, हाड भरून घ्या' असं दवाखान्यात सांगितलं. गोळीबद्दल कुणी विचारलं नाही.

उत्तर : हाड भरू नका. खड्ड्यात भरलेल्या पुडीने अंगातली हाडं बळकट होत नाहीत, आणि कवळीसाठी दोन दातांच्या जागी ग्राफ्टची गरज नाही.

गोळीचं मात्र दवाखान्यात आधी सांगा, पाकीटच घेऊन जा. ॲलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या बरीच वर्षं घेतलेल्यांमध्ये दात काढल्यावर क्वचित जखम भरत नाही आणि जबड्याचं हाड उघडं पडतं. गोळी घेणाऱ्यांत हे अगदी थोड्यांना होतं. कॅन्सरसाठी याच जातीची इंजेक्शनं घेणाऱ्यांत धोका बराच जास्त असतो. म्हणून दोन्ही दात हाडाला शक्य तितका कमी धक्का लावून काढावेत, तोंड आधी स्वच्छ करून घ्यावं. तुम्ही स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. आईला गोळीऐवजी सहा महिन्यांनी एकदा डेनोसुमॅबचं इंजेक्शन असेल, तर ते कधीही परस्पर पुढे ढकलू नका. उशीर झाला तर मणका मोडायचा धोका असतो. दात काढायची तारीख त्या इंजेक्शनच्या वेळापत्रकाशी दोन्ही डॉक्टरांनी मिळून जुळवावी.

दात काढल्यावर दर आठवड्याला चांगल्या उजेडात आईच्या तोंडात बघा. हिरडी मिटत आली तर ठीक. पांढुरकं, बोटाला कडक लागणारं हाड उघडं दिसलं, किंवा हनुवटी बधिर झाली, तर कवळीचं माप देणं थांबवा आणि तिला लगेच बांबोळीला शस्त्रक्रिया विभागात न्या.